बावन्न पट्ट्या

"पियानोच्या पट्ट्या कशाच्या आहेत?" मालवाहतुकीच्या ऑफिसातल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"अस्सल हस्तिदंत!" तारमास्तर खुलून म्हणाले. "असं काम आता दिवा घेऊन शोधलंत तरी सापडायचं नाही."

चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावता लावता त्यांना हे नाव पडलं होतं. समोरच्याला वाद्याचे गुण ऐकवायची खोड त्या धंद्यातलीच. कारकुनाचं पेन थांबलं.

"आजोबा, तोंड उघडलं नसतंत तर मी 'लाकूड' लिहून मोकळा झालो असतो. हस्तिदंताला परवाना लागतो, इथला आणि तिथलाही. वर्ष जाईल, आणि खर्च भाड्याहून जास्त."

"मग ऐकलं नाही असं समजा."

"तिकडे कस्टमवाल्यांनी पेटी उघडली तर पियानो जप्त आणि मी घरी. मला काय तुम्ही पोसणार?"

तारमास्तर ओशाळले. महिनाभर खेटे घालून त्यांनी पियानो परदेशी पाठवायची ही वाट शोधली होती. एकाच कंटेनरमध्ये दहा-बारा घरांचं सामान, ज्याने त्याने आपल्या जागेपुरतं भाडं द्यायचं. कंटेनर पुढच्या शुक्रवारी बंद होणार होता, आणि महिनाअखेरीस त्यांना मुलासुनेबरोबर दोन खोल्यांच्या घरात जायचं होतं. तिथे पियानो दारातूनसुद्धा आत जाणार नव्हता. मुलगी परदेशातून फोनवर हुंदके देत म्हणाली होती, "कसाही पाठवा अण्णा, पण स्वस्तात बघा. आईची बोटं लागलीत त्याला. मला दुसरं काही नको."

बोटं लागली होती हे खरंच. बायकोने तीस वर्षं त्याच पियानोवर शिकवण्या केल्या होत्या. मधल्या पट्ट्यांना, जुन्या पायरीला पडतो तसा, खळगा पडला होता.

कारकून जरा नरमला. "पांढऱ्या पट्ट्यांवरचं सोलून काढा आणि प्लास्टिक चिकटवा. तुम्ही तर कारागीर माणूस."

घरी सुनेने सगळं ऐकून घेतलं. भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "वन्संना आईचा भारी पुळका. आई अंथरुणाला खिळल्या तेव्हा तिकीट महाग होतं म्हणे. आता पियानोचं भाडं तुम्ही भरताय, तर रडायला काय जातंय?"

"तू तुझं काम बघ."

"माझंच बघतेय अण्णा. ही खोली मलाच आवरायचीय."

तारमास्तरांनी पट्ट्या काढून पलंगाजवळ ओळीने मांडल्या. एकेका पट्टीवर ओलं फडकं, फडक्यावर इस्त्री. खालचा सरस मऊ झाला की पातळ सुरी सरकवायची. काठच्या पट्ट्यांवरचं हस्तिदंत अख्खं निघालं. तिकडे बायकोचा हात कधी फारसा गेलाच नव्हता. मधल्यांचं मात्र कागदासारखं झिजलं होतं. सुरी कितीही हलकी धरली तरी ते तडकायचं, तुकडे होऊन खाली सांडायचं. चार-पाच पट्ट्यांनंतर त्यांनी इस्त्री बंद केली, तास-दीड तास बसून राहिले, मग पुन्हा लावली. शुक्रवार काही थांबणार नव्हता.

चौथ्या दिवशी बावन्नच्या बावन्न पट्ट्यांवर प्लास्टिक बसलं. कडा त्यांनी एकूणएक घासल्या. काम वाईट करणं त्यांना येतच नव्हतं. पेटी करणारा सुतार यायच्या आत त्यांनी मुलीला व्हिडिओ कॉल लावला. सांगून टाकावं, ती रडेल, आपणही रडू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"अय्या अण्णा, किती चकचकीत!" मुलगी म्हणाली. "पूर्वी कसला पिवळट, कळकट दिसायचा! आमच्या हॉलमध्ये शोभेल का, याचीच मला धास्ती होती."

"पट्ट्या बदलल्या गं. आधीच्या तुझ्या आईच्या..."

"छानच केलंत! तरी म्हटलं, एवढा लख्ख कसा. बरं, मीटिंग आहे, ठेवू? पेटीवर 'नाजूक' लिहायला सांगा हं, नाहीतर ओरखडे पडायचे."

दुपारी सुतार फळ्या ठोकून गेला आणि हमालांनी पेटी खाली नेली. तारमास्तर पलंगावर बसले होते. सून केरसुणी घेऊन आली, वाकली आणि थबकली.

"हे काय अण्णा, किती नखं सांडलीत! वर्षाची एकदम कापलीत की काय?"

तिने एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरून पाहिला.

"कामाचं आहे का हे काही?"

"नाही."

"मग जरा पाय वर घ्या."

त्यांनी पाय वर घेतले. केरसुणी पलंगाखालून फिरली, कोपऱ्यापर्यंत गेली, सुपली भरून सून बाहेरही गेली. तारमास्तर तसेच, पाय अधांतरी धरून बसून राहिले.