पाऊण सेकंदाचे मास्तर

मनुष्यजातीवर आजवर जेवढी संकटं कोसळली, त्या सगळ्यांच्या मुळाशी पाऊण सेकंद आहे. डोळ्यांनी पाहायचं, डोक्याने ठरवायचं आणि पायाने करायचं, यात जो पाऊण सेकंद जातो ना, त्यात साम्राज्यं बुडतात!

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर हे एकतीस वर्षं शिकाऊ मंडळींना ऐकवत आले होते. त्या सकाळी त्यांनी ते गॅससमोर उभं राहून बायकोला ऐकवलं. तेवढ्यात दूध वर येऊ लागलं. मास्तरांच्या तयार नजरेने ते अचूक टिपलं.

"गॅस!" मास्तर कडाडले.

आतल्या खोलीत चादरींच्या घड्या घालणारी बायको धावत आली आणि तिने मास्तरांच्या पोटापासून वीतभर अंतरावरचं बटण फिरवलं. तोवर अर्धं दूध ओट्यावर आलं होतं.

"अहो, हात काय उसने आणायचे होते?"

"मी वेळेत सांगितलं होतं. तू उशिरा आलीस."

बायकोने ओटा पुसायला घेतला. "आज टेस्ट आहे ना तुमची? तिथे तरी हातपाय सोबत न्या."

टेस्ट होती खरी. दुसऱ्यांचे शिकाऊ परवाने वेळेत करून देण्याच्या गडबडीत मास्तरांच्या स्वतःच्या लायसन्सची मुदत कधीच उलटून गेली होती. इतकी, की आता नव्याने शिकाऊ परवाना काढून टेस्टच द्यावी लागणार होती. पुढच्या सोमवारी सात जणांची नवी तुकडी सुरू व्हायची होती. लायसन्स नाही, तर स्कूलला टाळं. पण मास्तर निर्धास्त होते. अर्ध्या गावाला आपण रस्त्यावर आणलंय, असं ते अभिमानाने सांगत. लोक ते वेगळ्या अर्थाने मान्यही करत.

परीक्षक निघाला त्यांचाच जुना विद्यार्थी. स्कूलचीच गाडी होती. शेजारच्या सीटखालीही ब्रेकचं एक जादा पेडल असलेली. मास्तर सवयीने त्या शेजारच्या दाराशी गेले. परीक्षकही तिथेच आला. मास्तर सरकले, परीक्षक त्याच बाजूला सरकला. मास्तर परत फिरले, तोही फिरला. असं तीनदा झाल्यावर परीक्षक ओशाळून म्हणाला, "मास्तर, आज तुम्ही पलीकडे."

"हो की! मी तुझी परीक्षा बघत होतो."

मास्तर स्टिअरिंगमागे बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "आरसा बघ. पट्टा लाव. क्लच पूर्ण दाब."

काहीच घडलं नाही. मास्तरांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांच्या लक्षात आलं, की हे सगळं आज आपल्यालाच करायचं आहे.

तरी गाडी निघाली. पहिला चौक ठीक गेला. दुसऱ्या वळणावर खांद्यावर शिडी घेतलेला एक रंगारी फुटपाथच्या कडेला उभा होता. एक पाऊल रस्त्यावर, एक वर. पुढे आला, मागे गेला, परत पुढे आला. त्याचं अजून ठरत नव्हतं, पण मास्तरांनी ओळखलं. मान उलट्या दिशेला आहे, शिडीने कान झाकलाय, म्हणजे हा गृहस्थ आता उतरणार. रंगाऱ्याच्या आधी ते मास्तरांना कळलं होतं. आणि त्यांनी अचूक क्षणी, एकतीस वर्षांच्या तपश्चर्येने कमावलेल्या आवाजात आज्ञा दिली, "ब्रेक!"

आणि आजवर होत आलं तेच झालं. गाडी जागच्या जागी थांबली. शिडीचं टोक बॉनेटपासून हातभर राहिलं.

"शाब्बास!" मास्तर म्हणाले आणि शेजारी पाहिलं.

परीक्षकाचा पाय जादा पेडलवर होता. तो स्वतःच त्या पायाकडे, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत होता. मास्तरांचे दोन्ही पाय बसल्या जागी स्वस्थ होते.

"मास्तर, तुम्ही ओरडलात आणि मी दाबला हो! पंधरा वर्षं झाली, तरी पाय अजून तुमचंच ऐकतो."

"उत्तम! म्हणजे निर्णय माझाच होता."

"पण परीक्षकाने ब्रेक दाबला तर नापास, असा नियम आहे."

"कुणाच्या सांगण्यावरून दाबला, ते लिही ना!"

परीक्षकाने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "त्याला रकाना नाही."

एवढ्यात रंगारी खिडकीशी आला. "मी जाऊ की थांबू? एकदाचं काय ते ठरवा, खांदा दुखतोय!"

"जा!" दोघंही एकदम ओरडले. तो थांबला.

परतताना परीक्षक हळूच म्हणाला, "शनिवारी पुन्हा या. तोवर सराव करा. फक्त शेजारी लायसन्सवालं कुणीतरी हवं."

घरात लायसन्सवालं माणूस एकच होतं. वीस वर्षांपूर्वी मास्तरांनीच बायकोला शिकवलं होतं आणि त्यानंतर, तिला रस्त्यावरचं काही वेळेत कळत नाही म्हणून, गाडीला हात लावू दिला नव्हता. लायसन्सचं मात्र तिने न विसरता नूतनीकरण करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पर्स मांडीवर घेऊन ऐटीत शेजारच्या सीटवर बसली. पाय ठाम रोवले.

"आरसा!"

"बघितला."

"तोंडाने नको, मान हलवा. आणि आज एक शब्दही बोलायचा नाही. जे करायचं ते पायाने."

मास्तरांनी मान हलवली. ओठ घट्ट मिटले. सोमवार आणि ती सात माणसं डोळ्यांपुढे आणली. पाहिलं, ठरवलं, क्लच सोडला, ॲक्सिलरेटर दिला. इंजिन गुरगुरलं, गाडी थरथरली आणि गचका देऊन बंद पडली. मास्तरांनी पुन्हा सुरू केली. पुन्हा गचका. तिसऱ्यांदा समोरच्या बाल्कनीतली माणसं बघायला आली.

"कसला विचार करताय?" बायको म्हणाली. "पाऊण सेकंद कधीच होऊन गेला!"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या पायांकडे पाहिलं. शब्द न बोलण्याचा निश्चय त्यांनी शक्य तितका टिकवला.

"अगं," शेवटी ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुझ्याकडच्या ब्रेकवरून पाय तेवढा काढतेस का?"