बारीककाकांनी भादरलेलं झाड

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं सलून आहे, त्यांना सगळे बारीककाका म्हणतात. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ते अदबीनं विचारतात, "बारीक करू?" गिऱ्हाईक हो म्हणो की नाही म्हणो, उठतं ते बारीक होऊनच. माणूस देवमाणूस, हात लोण्यासारखा. पण घडवणाऱ्यानं एक खोड ठेवून दिली आहे. डावी बाजू उजवीपेक्षा केसभर जरी जास्त दिसली, तरी काकांच्या जिवाला चैन पडत नाही.

या खोडीपायी यंदा एक झाड हकनाक भादरलं गेलं, त्याची ही कथा.

काकांच्या अंगणात भिंतीलगत शोभेचा विलो आहे. कूळ नदीकाठच्या वाळुंजाचं, पण बागेत शोभावा म्हणून माणसाच्या उंचीएवढाच ठेवलेला. एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. थंडी सरता सरता मात्र त्याचा दिवस येतो. उघड्याबोडक्या काड्यांवरच्या कळ्यांच्या तपकिरी टोप्या गळून पडतात आणि आतून करडे, मऊ, लवदार तुरे डोकं काढतात. मांजराच्या पिल्लानं पंजा पुढे करावा तसे. घरात त्यांना पिल्लंच म्हणतात. नाव काकांच्या सासूबाईंनी ठेवलेलं.

झाडही त्यांचंच. यजमान गेल्यावर लेकीकडे राहायला येताना त्यांनी यजमानांच्या हातच्या झाडाची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. तिचं हे झाड झालं. अलीकडे मात्र सासूबाईंच्या डोळ्यांपुढे धुकं दाटत चाललं आहे. आहे तेवढं जपू, गेलेलं परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की यंदाची पिल्लं तेवढी डोळ्यांनी बघून घेते, पुढची बोटांनी बघेन.

त्यानंतर काही दिवसांनी काकू आईला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेल्या. सलूनला सुट्टी होती. जाता जाता काकूंनी काकांना एक काम सांगितलं: विलोच्या बुंध्याशी आलेले फुटवे तेवढे काढून टाका.

फुटवे निघाले. बुंधा मोकळा झाल्यावर काकांना वरचा भाग जड वाटू लागला. त्यांनी डावीकडून थोडं उतरवलं. मग उजवी बाजू अंगावर आली. उजवीकडून घेतलं, तर मागून पोक दिसायला लागलं. टोप्या घातलेल्या कळ्या त्यांना दिसल्या नाहीत असं नाही, पण त्यांना तो कोंडा वाटला. शेवटी समाधानानं चार पावलं मागे सरून पाहतात तो बुंधा, त्यावर चार खुंट आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या.

काकू परतल्या आणि झाड बघून जागच्या जागी थांबल्या. आई घरात गेल्याची खात्री करून हळूच म्हणाल्या, "अहो, गिऱ्हाइकाचे केस महिन्यात वाढतात. ही पिल्लं आता वर्षानं येतील. तेव्हा आईला दिसणार आहेत का?"

काकांचा चेहरा उतरला. कापलेल्या काड्यांचा भारा नजरेआड करायचा म्हणून त्यांनी तो परसात नेला आणि वाटाण्याच्या वाफ्यात वेलांना आधार म्हणून दोन रांगांत रोवून टाकला. आईला लगेच काही बोलायचं नाही, असं नवरा-बायकोचं ठरलं.

पण सासूबाई रोज सकाळी चहाला बसल्या की विचारायच्या, पिल्लं आली का? काका म्हणायचे, थंडी आहे अजून. निदान टोप्या तरी ढिल्या झाल्या असतील, असं त्या म्हणाल्या की काकांना ठसका लागायचा. दुकानातही त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका गिऱ्हाइकाला त्यांनी चक्क सांगितले तेवढेच केस कापून पाठवलं, तेव्हा गल्लीला काळजी वाटायला लागली.

अखेर काकांनी उपाय शोधला. सलूनमधला कापूस आणला, त्याचे इवले बोळे वळले आणि डिंकानं खुंटांवर बसवले. लांबून खरंच झकास दिसत होतं. मग सासूबाईंचा हात धरून त्यांना झाडाशी आणलं. त्यांनी चाचपडत एक बोळा शोधला, अंगठ्यानं कुरवाळला आणि नाकाशी नेला.

"जावईबापू, यंदा पिल्लांना दाढीच्या लोशनचा वास येतोय."

दारातल्या काकूंनी तोंडावर हात धरला. काकांना मात्र हसू कुठलं यायला?

"आई, चुकलं माझं," ते म्हणाले. "सगळं कापून टाकलं मी. तुम्हाला बघायची होती, आणि मी..."

"डोळे अधू झालेत माझे, हात नाही. त्याच संध्याकाळी झाड चाचपलं होतं मी. केलेली हजामत कळते मला."

"मग रोज विचारत होतात ते?"

"चहाबरोबर तोंडी लावायला काहीतरी हवं ना," सासूबाई म्हणाल्या. "चला, आता खरी दाखवते."

त्यांनीच जावयाचं कोपर धरून त्याला परसात नेलं. वाटाण्याच्या वाफ्यात त्या रोज दुपारी तांब्याभर पाणी ओतत असत. आईला वाटाण्यांचा एवढा लळा कधी लागला, असं काकूंना वाटायचं. पण विलोच्या काडीला ओली माती मिळाली की ती आपलं काम सोडत नाही, हे एक काडी फडक्यात जपून आणणाऱ्या बाईला ठाऊक होतं. दोन्ही रांगांतल्या काड्या पिल्लांनी भरल्या होत्या. काही काड्या काकांनी घाईत उलट्या रोवल्या होत्या. त्यांची पिल्लं बिचारी खाली तोंड करून आली होती, पण आली होती.

सासूबाई गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या. चेहरा पार काडीला लागेपर्यंत जवळ नेला. ऊन तिरपं येत होतं आणि लवेच्या कडा चांदीसारख्या चमकत होत्या. बराच वेळ त्या तशाच राहिल्या.

"दिसतायत," त्या म्हणाल्या.

काकांनी डोळे पुसले, हात जोडले. सासूबाईंना की आणखी कोणाला, ते त्यांचं त्यांना माहीत. मग हात सोडून ते वाफ्याकडे बघत राहिले. डावीकडची रांग उजवीपेक्षा किंचित उंच होती. त्यांचा हात आपसूक खिशातल्या कात्रीकडे गेला.

"अहो," काकू म्हणाल्या.