गाडी माझी आहे

एशेनकुल साहेबांच्या कचेरीत माणसाची किंमत त्याच्या गाडीवरून ठरायची, आणि त्या मानानं तोक्तोसुन म्हणजे अगदीच कचरा. कचेरी जमिनीच्या नोंदींची, गाव डोंगरातलं, पगार सगळ्यांचेच जेमतेम. पण आवारात बघावं तर लेक्सस आणि लँडक्रूझर ओळीनं उभ्या, पुसूनपुसून चकचकीत. आणि त्या ओळीच्या टोकाला तोक्तोसुनची निळी होंडा फिट. एक दिवा पिवळा पडलेला, दाराला पोचा, आणि स्टिअरिंगचं चाक उजवीकडं, इकडं तर गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात. पुढचा ट्रक ओलांडायचा झाला, तर डावीकडं बसलेल्या बायकोनं मान बाहेर काढून सांगायचं, "या आता, मोकळंय."

कचेरीत त्या गाडीला 'बूट' म्हणत. शेजारच्या टेबलावर रिसकेल्दी नावाचा एक तोंडाळ गडी बसायचा, तो रोज सकाळी विचारायचा की आज एकाच पायात घालून आलास का रे, दुसरा कुठं हरवलास? साहेबांच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा नवरी आणायला अख्ख्या कचेरीच्या गाड्या गेल्या, रिबिनी बांधून, हॉर्न वाजवत. तोक्तोसुनला सांगितलं, तू उकडलेल्या मटणाची पातेली घेऊन ये. त्यानं आणली. पुढं कितीतरी दिवस गाडीला मेंढीच्या चरबीचा वास येत होता, आणि झिपारकुलला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्या वासानं मळमळायचं.

झिपारकुलची मूत्रपिंडं निकामी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला खिंडीपलीकडच्या शहरात न्यायचं, सरकारी दवाखान्यात मशीनवर तिचं रक्त धुवून घ्यायचं आणि परत आणायचं. मशीनजवळची खुर्ची सरकारी, फुकट होती, म्हणून तर जमत होतं. फिट घेतली ती त्याच कामासाठी. पेट्रोल कमी पिते, आणि मागची सीट पाडली की येताना बाई पाय पसरून आडवी होते. त्या तीन दिवशी साहेब त्याला अर्ध्यात सोडायचे. उपकार एवढाच, पण त्याची आठवण ते रोज करून द्यायचे.

कचेरीतले बाकीचे वरचे पैसे घ्यायचे, हा घ्यायचा नाही. आता तोक्तोसुन कुणी संत होता असं मी म्हणणार नाही. घाबरट होता, दुसरं काही नाही. कुणी पाकीट पुढं सरकवलं की त्याचे तळहात ओले व्हायचे आणि तो ते घाईघाईनं परत सरकवायचा. पण भीती कुणाला दिसत नाही, गाडी दिसते. सगळ्यांना वाटायचं हा मुद्दाम आपल्याला खाली बघायला लावतोय. शेवटी एकदा साहेबांनी त्याला आत बोलावून सुनावलंच.

"तुझी ती गाडी दारात उभी राहिली की आम्ही सगळे चोर दिसतो. उद्यापासून बाजाराच्या मागं लावत जा."

तो निमूटपणे बाजाराच्या मागं लावू लागला. बर्फाचिखलातून कचेरीपर्यंत चालत यायचा, आणि आला की रिसकेल्दी म्हणायचा, वा, आज अनवाणीच?

मग झालं असं की राजधानीतल्या एका मुलीनं भलत्याच जिल्ह्यातल्या कुठल्याशा कचेरीचं आवार फोनवर टिपलं आणि साऱ्या देशाला दाखवलं. एवढ्याशा पगारात या गाड्या येतात कुठून, हा तिचा प्रश्न. बोंबाबोंब झाली, चौकशी कमिशन बसलं, आणि ते कमिशन त्या मुलीला सोबत घेऊन शुक्रवारी इकडं येतंय अशी कुणकुण लागली. झालं, कचेरीची गाळण उडाली. गुरुवारी सगळ्या गाड्या गावाच्या कडेला रिसकेल्दीच्या सासऱ्याच्या मेंढवाड्यात नेऊन दडवल्या. एकीमागं एक अशा दाटीवाटीनं लावल्या, वर ताडपत्र्या टाकल्या. मेंढरं आतबाहेर करायला म्हाताऱ्याला गाड्या पुढंमागं घ्याव्या लागणार, म्हणून किल्ल्या आतच ठेवल्या. साहेबांची पांढरी लेक्सस सगळ्यात शेवटी आली, ती दाराशीच राहिली. कागदोपत्री ती साहेबांच्या बायकोच्या मामाच्या नावावर होती, आणि तो मामा केव्हाच मेला होता. इकडं निम्म्या गाड्या अशाच, तोंडी मालकीवर चालतात. जो 'माझी' म्हणेल त्याची.

गुरुवारी संध्याकाळी साहेबांनी तोक्तोसुनला बोलावलं, स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा धाकट्या म्हणून हाक मारली.

"धाकट्या, उद्या सकाळपुरती तुझी गाडी मला दे."

त्या आठवड्यात बर्फामुळं खिंड बंद राहिली होती आणि बुधवारची खेप चुकली होती. झिपारकुलचा चेहरा सुजला होता, पायात जोडे जात नव्हते, आडवं पडलं की जीव घाबरायचा म्हणून ती बसूनच झोपत होती. डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं होतं की काहीही करा, पण शुक्रवार चुकवू नका. हे सगळं त्यानं साहेबांना सांगितलं, चाचरत, बाइके बाइके, म्हणजे दादा दादा, करत.

"अरे, दहाला गाडी तुझ्या दारात. मी काय तुझ्या बायकोच्या जिवावर उठलोय?" साहेब हसले. मग चहाची वाटी खाली ठेवून म्हणाले, "बाकी तुझ्या त्या अर्ध्या दिवसांचं कमिशनला काय सांगायचं, ते बघतो मी."

त्यानं किल्ली दिली. द्यायला नको होती, हे मलाही कळतं आणि त्यालाही कळत होतं. पण ज्याची बायको आठवड्यातून तीनदा साहेबाच्या मर्जीवर जगते, तो कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

शुक्रवारी दहा वाजून गेले, गाडी आली नाही. बर्फ भुरभुरत होता. झिपारकुल कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून दारातल्या बाकावर बसून होती. तोक्तोसुन साहेबांना फोन लावत होता, ते उचलत नव्हते. तो टॅक्सीच्या अड्ड्यावर धावला. शहराच्या टॅक्स्या पहाटेच गेल्या होत्या. दोघेजण चहा पीत बसले होते, त्यांनी खिंडीकडं बघितलं आणि काखा वर केल्या. तिथून तो कचेरीत गेला. पायऱ्यांशी त्याची फिट उभी, धुतलेली, आणि तिच्या टपावर हात ठेवून साहेब कमिशनच्या माणसाला सांगत होते की बारा वर्षं झाली, हीच गाडी, कधी दगा दिला नाही हो. ती मुलगी फोन धरून टिपत होती. तोक्तोसुन जवळ गेला. साहेबांनी त्याच्याकडं रोखून बघितलं.

"तोक्तोसुन, तू आज रजेवर ना? जा घरी, जा. बायकोकडं बघ."

कमिशनचा माणूस म्हणाला, साहेब माणसांची फार काळजी घेतात. साहेब आणि पाहुणे फिटमध्ये आणि कमिशनच्या गाडीत बसून निघून गेले.

मग तो रिसकेल्दीच्या टेबलापाशी उभा राहिला. आयुष्यात त्यानं कुणापुढं हात पसरले नव्हते, आज पसरले. म्हणाला, तुझी गाडी दे, नाहीतर तूच ने, मी चिखलात लोळतो, तुझे जोडे पुसतो, पण तिला पोचव. रिसकेल्दीची थट्टा कुठल्या कुठं पळाली होती. तो खाली बघत पुटपुटला, "आज ज्याच्या बुडाखाली लेक्सस दिसेल तो मेला. मलाही पोरंबाळं आहेत रे." बाकीच्या टेबलांवर सगळ्यांनी फायलींत माना घातल्या.

तो घरी परतला तेव्हा झिपारकुलचे ओठ काळेनिळे पडले होते. दोन शब्दांमध्ये तिला श्वास घ्यावा लागत होता. ती म्हणाली, "राहू दे हो. सोमवारी जाऊ." तिचा सोमवार उजाडणार नव्हता. त्याला ते दिसत होतं, आणि तिलाही ठाऊक होतं. तो तसाच उठला आणि मेंढवाड्याकडं पळाला. म्हाताऱ्याला सांगितलं, साहेबांनी गाडी मागवलीय. एवढं धडधडीत खोटं तो जन्मात बोलला नव्हता. म्हाताऱ्यानं बिचाऱ्यानं ताडपत्री ओढायलाही मदत केली.

लेक्ससची सीट गरम होत होती. झिपारकुलला त्यानं मागं उशा लावून टेकवून बसवलं. ही कुणाची, एवढंच तिनं विचारलं. त्यानं गाडी सुरू केली, आणि पुन्हा विचारण्याएवढा दम तिच्यात नव्हता.

खिंडीच्या पायथ्याशी फाटक आहे. बर्फाच्या दिवसांत तिथं प्रत्येक गाडी थांबवून चाकं बघतात आणि मगच वर सोडतात. फाटकाला लागूनच एक खानावळ आहे, तिचं मटण नावाजलेलं. साहेबांनी कमिशनला जेवायला नेमकं तिथंच आणलं होतं. तोक्तोसुननं वळण घेतलं तर समोर त्याची स्वतःची फिट, तिच्या बॉनेटवर ताट ठेवून साहेब पाहुण्यांना वाटीतून कोन्याक, म्हणजे ब्रँडी, देत होते. मागं फिरायला जागा नव्हती, आणि फिरून जायचं तरी कुठं?

मुलीनं फोन वळवला. ती हे सगळं थेट दाखवत होती. कमिशनचा माणूस वाटी ठेवून काचेशी आला.

"सुंदर गाडी आहे. कुठं काम करता आपण?"

"याच कचेरीत. नोंदणी कारकून."

"आणि ही गाडी कुणाची?"

तोक्तोसुननं त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघितलं. साहेबांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता, हातातली वाटी कलली होती आणि कोन्याक ताटात सांडत होतं. एका शब्दाचं काम होतं. बोट केलं असतं की संपला असता एशेनकुल. बुटाचे टोमणे, मटणाची पातेली, बाजारामागचा चिखल, सगळं फिटलं असतं. तोक्तोसुनच्या ओठांवर ते नाव आलंही. पण मग गाडी तिथंच अडकली असती. पंचनामा झाला असता, साक्षी झाल्या असत्या, मेलेल्या मामाचे कागद निघाले असते. पाठवू हं बाईंना दुसऱ्या गाडीनं, असं म्हणत म्हणत अंधार पडला असता आणि खिंड बंद झाली असती. मागून झिपारकुलचा श्वास ऐकू येत होता, घरघर करत, मध्येच थांबत.

"माझी," तो म्हणाला. "गाडी माझी आहे."

"कारकुनाच्या पगारात?"

"सोमवारी येतो. जे विचारायचं ते विचारा, जिथं म्हणाल तिथं सही करतो. आत्ता मला सोडा साहेब, बायकोला मशीनवर घालायचंय."

त्या माणसानं मागं वाकून बघितलं. बघितल्यावर त्याचा आवाज जरा उतरला. त्यानं नाव आणि नंबर टिपून घेतला आणि फाटकवाल्याला हात केला. फाटक वर जात असताना एशेनकुल साहेबांना वाचा फुटली. ते त्या फोनसमोर उभे राहून हळहळत म्हणाले, "मला कल्पनाच नव्हती हो. माझ्या कचेरीत असा माणूस निघावा!"

खिंड चढताना झिपारकुल रडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "माझ्यापायी चोर झालात," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तोक्तोसुनलाही रडू येत होतं, पण रस्ता दिसायला हवा होता.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. नळ्या लागल्या, मशीन फिरू लागलं, आणि घटकाभरानं तिचे ओठ पुन्हा माणसाच्या ओठांसारखे दिसू लागले. तोक्तोसुन भिंतीला टेकून उभा होता. तो सुखात होता, खरंच सुखात होता.

मशीनवरच्या मोठ्या नर्सबाईंना तो एजे म्हणायचा, थोरली बहीण. त्याही त्याला भावासारखं वागवायच्या. खेप संपेपर्यंत त्याला चहा द्यायच्या, रस्त्यानं खायला बोरसोक, कणकेचे तळलेले गोळे, बांधून द्यायच्या. आज त्यांनी त्याला दाराबाहेर बोलावलं. हातात फोन होता.

"इतके दिवस ती डबडी गाडी आम्हाला दाखवायला होती होय?"

"एजे, ती गाडी माझी नाही."

त्यांनी फोन त्याच्यापुढं धरला. त्यात तो स्वतःच म्हणत होता, गाडी माझी आहे. ओसरीत बसलेले बाकीच्या रोग्यांचे नातेवाईक माना उंच करून त्याच्याकडं बघत होते. त्यातल्या एका बाईचा मुलगा सहा महिने कर्ज काढून खासगीत जात सरकारी खुर्चीची वाट बघत होता. तिला तोक्तोसुन ओळखत होता, कितीदा तरी त्यानं तिला फिटमधून खिंडीपलीकडं सोडलं होतं. ती तोंड फिरवून बसली.

"सरकारी खुर्ची गरिबांसाठी आहे," नर्सबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःखच होतं. "वर कळवावं लागेल मला. तुम्हाला खासगीत परवडेल. सोमवारचं काही माझ्या हातात नाही."

तो बोलायला गेला. साहेबांचं नाव, मेंढवाडा, मेलेला मामा, बुधवारचा बर्फ, सगळं एकदम तोंडात आलं आणि एकही गोष्ट धड बाहेर पडेना. त्याचं त्यालाच ते खोटं वाटायला लागलं. बाई आत निघून गेल्या.

तो झिपारकुलच्या उशाशी जाऊन बसला. तिनं डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा रंग होता.

"काय म्हणत होत्या हो एजे?"

"काही नाही," तो म्हणाला. "सोमवारी जरा लवकर या म्हणाल्या."