लुचाचं लग्न लावायचं कोणाशी?

शेवटच्या भागात लुचाचं लग्न लावा, असं मालिकेचे निर्माते बारागान साहेबांनी सांगितलं तेव्हा सोरायदाने हातातला कॉफीचा कप टेबलावर असा आपटला की पलीकडचा मेकअपवाला दचकला.

लुचा म्हणजे सोरायदा लिहीत असलेल्या विनोदी मालिकेची नायिका. मेक्सिको सिटीत रसाचं दुकान चालवणारी, एकटीने पोर वाढवणारी, दर भागात एखाद्या नव्या पुरुषाला भेटून कपाळाला हात लावणारी. सोरायदाने ती स्वतःवरूनच उचलली होती. तिलाही नवरा नव्हता, सात वर्षांची मुलगी हिमेना होती आणि 'मग लग्न कधी?' हे ऐकून कान किटले होते. निदान लुचाच्या मागे तरी ही कटकट लागू नये, एवढीच तिची इच्छा होती.

"लोकांना लग्न लागतं, बाई," बारागान म्हणाले. "चर्च, पांढरा झगा, सगळं. शेजारच्या नाचोशी लाव. तुला जमत नसेल तर दुसरा लेखक लावेल."

सोरायदा फणफणत घरी आली. तिची आई, दोन्या चेला, तव्यावर तोर्तिया शेकत होती.

"घे, तुझ्या मनासारखं झालं. लुचाचं लग्न आहे."

"अगं बाई! कोणाशी?"

"नाचोशी."

आईचा हात थांबला. "नाचोशी? शुद्धीवर आहात ना सगळे? लुचाच्या पोराला बाप्तिस्म्याला हातात कोणी धरलं होतं? नाचोनेच ना? तो पोराचा धर्मपिता, म्हणजे लुचाचा कोंपाद्रे, आणि ती त्याची कोमाद्रे! कोंपाद्रेशी कोणी लग्न करतं का? सख्ख्या भावाशी केल्यासारखं ते!"

सोरायदाने कपाळाला हात लावला. तो भाग तिनेच लिहिला होता. मामाचं काम करणाऱ्या नटाची दाढ सुजली, म्हणून आयत्या वेळी पोर नाचोच्या हातात दिलं होतं. नंतर ती विसरली, साहेबही विसरले. घरोघरच्या आया मात्र विसरणार नव्हत्या.

तिने उभ्या उभ्याच बारागान साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं.

"अरे देवा," ते म्हणाले. "माझी आईच मला घरात घ्यायची नाही. जाऊ दे, राहू दे तिला तशीच."

सोरायदाने हिमेनाला उचलून गरकन फिरवलं. "सुटली! लुचा सुटली!"

"म्हणजे नाचो चांगला असला तरी नाही चालणार?" हिमेनाने विचारलं.

"नाही चालणार."

"मग आपला रामिरो पण नाही?"

रामिरो खालच्या मजल्यावर राहायचा. नळ गळला की तो, हिमेनाला ताप आला की तो. हिमेनाला बाप्तिस्म्याला त्यानेच हातात धरलं होतं.

"तेव्हा घसा फोडून सांगत होते," आई तव्याकडे बघत म्हणाली. "त्याला नको, दुसरा कोणी बघ."

"लोक बोलत होते, आई! सारखा घरी येतो म्हणून! कोंपाद्रे झाला की तोंडं बंद होतील असं वाटलं मला!"

"झाली ना बंद."

सोरायदाला भयंकर राग आला. आईचा, लोकांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. रामिरो तिला आवडत होता. इतक्या वर्षांत हे तिने स्वतःलाही कळू दिलं नव्हतं.

दारावरची घंटा वाजली.

"कोमाद्रे," बाहेरून रामिरोचा आवाज आला, "गोड पाव आणलाय. गरम आहे."

तिने तरातरा जाऊन दार उघडलं. "मला कोमाद्रे म्हणू नका!"

रामिरो पिशवी छातीशी धरून उंबऱ्यातच थबकला. "मग काय म्हणू?"

आई वळून बघत होती, हिमेनाही. लुचाच्या तोंडी तीन वर्षं उत्तरं घालणाऱ्या सोरायदाने स्वतःसाठी एकच शब्द निवडला. "सोरायदा."