शुक्रीने भोकं पाडलेला डबा

मित्रांनो, मी पत्र्याचा एक लिटरचा डबा. पोटाला तीन भोकं आहेत आणि मला त्यांची जराही लाज वाटत नाही.

एक्क्याण्णव साली नेरे गावच्या कमळाकर शेटने मला पनवेलच्या बाजारातून आणलं, वांग्यावर फवारायला. माझ्या पोटावर लाल त्रिकोण होता, वर कवटी. दुकानातले हिरव्या त्रिकोणाचे डबे त्यातल्या त्यात सौम्य, मग निळे, मग पिवळे, आणि लाल सगळ्यात जहाल. मी काहीच लपवलं नव्हतं. कवटी काय शोभेला छापतात?

माझ्या पोटात तेलकट विष होतं. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून कारखान्यात त्यात साबणासारखं काहीतरी घालतात. मग पाण्यात झाकणभर ओतलं की दूध झाल्यासारखं दिसतं. नुसतं दिसतं, मित्रांनो. अळीच्या अंगात ते गेलं की नसांचा निरोप थांबतच नाही. हल, हल, हल, एकच हुकूम, आणि अळी तडफडून मरते. माशाच्या नसा तशाच चालतात. माणसाच्याही.

फवारणी करायचा देवजी, डोंगराखालच्या कातकरवाडीतला. उघड्या अंगाने, वाऱ्याकडे तोंड करून. मग त्याला घाम फुटायचा, लाळ सुटायची, डोळ्यांपुढे धुरकट व्हायचं. तो म्हणायचा, ऊन लागलं. ऊन कसलं, मीच लागलो होतो. पण मला विचारतो कोण?

एक दिवस माझ्यात थोडं विष उरलं आणि देवजी मला गुपचूप घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी लेकीची सोयरीक ठरवायला पाहुणे येणार होते. ताटात मासे हवेत, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. वाडीतली माणसं रानातल्या गेळाच्या झाडाची फळं ठेचून वाडीजवळच्या डोहात कालवतात. मासे गुंगून वर येतात, हाताने धरायचे आणि खायचे. बापजाद्यांपासून कुणाला काही बाधलं नाही. देवजीचा हिशेब सरळ होता. गेळं ठेचायला अर्धा दिवस लागतो, इथे झाकणभर पुरेल. मासा तसाही वर येणार, असाही येणार.

त्याच डोहाचं पाणी अख्खी वाडी प्यायची.

त्याच्या बायकोने, शुक्रीने, मला उचलून बघितलं. म्हणाली, "दवाखान्याच्या भिंतीवर असाच लाल तिकोन हाय. तो पोरां थांबवतो. ह्यो काय थांबवतो, इचारलंस का?"

कुटुंबनियोजनाचा तो तिकोन आठवून देवजी हसला. ती नाही हसली. शेटच्या बांधात मरून पडलेले खेकडे तिने बघितले होते.

"गेळाचा मासा साफ पाण्यात सोडला का परत पळतो," ती म्हणाली. "ह्यो पळाला तर वत डोहात. मी आडवी येनार नाय."

हे देवजीला नाकारता येईना. तिने दोन करवंट्यांत पाणी घेतलं. एकीत काडीने माझा एक थेंब सोडला आणि बोटाएवढा जिता मासा टाकला. मासा थरथरला, उलटा झाला. पानाने उचलून तिने तो साफ पाण्यात ठेवला. दोघं वाट बघत बसली. देवजीने काडीने त्याला हलवून बघितलं. एकदा. पुन्हा एकदा.

मासा नाही पळाला.

देवजीने माझं झाकण घट्ट लावलं. पाहुणे सुकटीची चटणी आणि भाकरी जेवले, आणि सोयरीक तरीही जुळली.

मी शेटकडे परत गेलो. पुढच्या फवारणीला देवजीने अंगात सदरा घातला, वाऱ्याकडे पाठ केली. शेट त्याला नवरदेव म्हणून चिडवत राहिला. मी रिकामा झालो तेव्हा शेट उदार झाला. शुक्रीला म्हणाला, "धुऊन घे. कामावर पानी न्यायला बरा हाय." तेव्हा सगळे तसंच करायचे, कुणी माझ्या भावंडांत मीठ ठेवायचे, कुणी गोडंतेल.

शुक्रीने देवजीच्या कमरेचा कोयता ओढला आणि शेटच्या अंगणातच मला तीन घाव घातले.

"अगं, चांगला डबा फुकट घालवलास," शेट ओरडला.

"फुकट नाय, शेट. आता भरून दाखव यात पानी."

मग तिने मला डोहापासून लांब, खोल पुरलं.

मित्रांनो, मला विषारी म्हणा, खुशाल म्हणा. पण कवटी बघूनही मला धुऊन पाणी भरणार असाल, तर दोष माझ्यावर ढकलू नका. पत्रा विष विसरत नाही. तुमच्या घरात असा डबा दिसला तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा. हसले तरी सांगा. मी इथे मातीत गंजतोय, आणि आजवर माझ्यातून कुणी एक घोटही प्यायलेलं नाही.