बोटभर जखमेवर वीतभर पट्टी

मी एक थकलेली दुर्बीण आहे, मित्रांनो. चंद्र-तारे दाखवणारी नव्हे, माणसाच्या पोटात डोकावणारी. लांबट नळी, टोकाला दिवा आणि आत भिंगं, एवढाच माझा संसार. परदेशातल्या कारखान्यात मला घडवणाऱ्यांचा एकच ध्यास होता. रुग्णाचं पोट कमीत कमी कापावं लागावं.

ऐंशी सालानंतर मी परभणी जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात आले. मुलं बंद करण्याचं ऑपरेशन माझ्यामुळे बेंबीखालच्या एका टाक्यावर भागू लागलं. बाई सकाळी यायची नि संध्याकाळी घरी जायची. "मूर्ती लहान पण कीर्ती महान," असं माझं कौतुक व्हायचं. पण शिबिराच्या दिवसांत रांग काही संपायची नाही. एकीच्या पोटातून निघाले की मला औषधाच्या पाण्यात बुडवायचे आणि लगेच दुसरीसाठी उचलायचे. डॉक्टर पद्मजाबाई एक डोळा मिटून माझ्यातून बघत. त्यांचाही डोळा लाल व्हायचा. दोघीही दमून जायचो.

वालूरची मनकर्णा अशीच येऊन गेली होती. आठवडा व्हायच्या आत तिला बैलगाडीत घालून परत आणलं. अंग तापलेलं, टाका उसवलेला, जखमेत पू. आणखी उशीर झाला असता तर ती हाती लागली नसती. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवसापासून ती विहिरीचं पाणी वाहत होती म्हणे.

पद्मजाबाई तिच्या सासूवर कडाडल्या. तानुबाई बिचारी रडकुंडीला आली.

"आवो बाई, घाव तर बोटाच्या पेराएवढा! आमच्या वक्ताला वीतभर फाडायचे. सव्वा महिना खाटंवर होते मी. हिचं तर काईच दिसंना. मला वाटलं, सोंग करायलीय."

मनकर्णा क्षीण आवाजात म्हणाली, "म्या सांगितलं हुतं, बाई. पर दाखवायला काईच नव्हतं."

ट्रेमध्ये पडल्या पडल्या मी हे ऐकलं आणि मला माझ्याच इवलेपणाचा राग आला.

मनकर्णा वाचली. घरी सोडताना पद्मजाबाईंनी तिच्या पोटाला बरगडीपासून कमरेपर्यंत पांढरीशुभ्र पट्टी गुंडाळली. नर्स सुमंगला म्हणाली, "बाई, जखम बोटभर नि पट्टी केवढी! वाया जायलीय की."

"जखमेसाठी नाही, सासूसाठी आहे," पद्मजाबाई म्हणाल्या.

तानुबाईनं पट्टी पाहिली नि तोंडावर हात ठेवला. "आगं माय! एवढं झालंय व्हय? उठू नको, पोरी. पाण्याला मी हाय." तिनं स्वतःची वाकळ गाडीत अंथरली आणि सुनेला धरून चढवलं. दुखणं आता पुष्कळ कमी झालं होतं, पण माया मात्र आता कुठे सुरू झाली होती.

तेव्हापासून पद्मजाबाई प्रत्येक बाईला तेवढीच मोठी पट्टी बांधू लागल्या. बायकांना विश्रांती मिळाली, याचा मला आनंदच आहे. तरी मित्रांनो, मन फार शिणलं. जखम लहान करायला माणसं माझ्यासारखं यंत्र घडवतात, आणि मग ती मोठी दाखवायला कापड गुंडाळावं लागतं.

तुमच्या घरात आई, ताई, वहिनी कुणीही "दुखतंय" म्हणाली, तर "कुठं, दाखव बघू," असं म्हणू नका. आधी तिच्या हातातली घागर घ्या.