कार्डावरचं नाव

आसमीनने टेबलाच्या खणाकडे गेलेला हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. समोर साळूबाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. खिडकीतून दौंड स्टेशनवरच्या घोषणा ऐकू येत होत्या.

पन्नास मिनिटं काही करायचं नाही, फक्त ऐकायचं. मग झालेलं सगळं जसंच्या तसं लिहून आजच पुण्याला पाठवायचं. मनोविश्लेषण शिकवणारी तिथली संस्था आजवर डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांनाच घेई. यंदा प्रथमच एका समाजसेविकेचा अर्ज विचारात घेतला होता, आसमीनचा; निवड या अहवालावर ठरणार होती. मुलाखतीत एक वयस्क डॉक्टर हसून म्हणाले होते, "तुम्ही मंडळी कामं झटपट उरकता. नुसतं बसणं जमेल?"

"म्याडम, मागल्या मंगळवारी रेशनकार्ड दिलं व्हतं न्हवं?" साळूबाई म्हणाल्या. "मोनालीचं नाव काढाया."

"हो, साळूबाई."

"ते ऱ्हाऊ द्या. दोन वरीस झाली पोरीला जाऊन, समदी म्हंत्यात काढ, काढ. म्या न्हाई काढायची. कार्ड द्या माघारी."

कार्ड खणातच होतं, नवंकोरं. त्याच मंगळवारी दुपारी आसमीन तहसील कचेरीत क्लार्कच्या टेबलाशी उभी राहिली होती. चौदा वर्षांत कुणाचं काम तिने उद्यावर टाकलं नव्हतं.

कार्ड अजून कचेरीतून यायचंय, असं म्हणता आलं असतं. अहवालही स्वच्छ राहिला असता.

तिने खण उघडला.

"घाई झाली, साळूबाई. नाव काढलं मी."

साळूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ओळींवरून बोट फिरवलं आणि तिसऱ्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर थांबवलं.

"हितं चार व्हत्या," त्या म्हणाल्या. मग आवाज चढला. "कुणी सांगितलं व्हतं येवढं पळाया? आँ?"

आसमीन उठली. पाणी आणावं, क्लार्कला फोन लावावा, काहीतरी...

"आता कुठं निघालात? आमच्यात कीर्तन चालू असताना मधनंच उठत न्हाईत. बसा."

ती बसली.

"पोरगी कशी व्हती, ते कुणी इचारलंच न्हाई मला."

पन्नास मिनिटं केव्हाच उलटली. साळूबाई बोलत राहिल्या.

संध्याकाळी आसमीनने अहवाल लिहायला घेतला. नाव आपण काढल्याचं तिने पहिल्याच ओळीत लिहिलं. पुढची सहा पानं मोनालीची होती.